चौदा नंबरचा बिल्ला

१२ फेब्रुवारी

प्रिय खारोबा,

तुला आठवतं का, तिसरीत असताना सहामाहीचं प्रगतिपुस्तक तू घरी न नेता थेट नाट्यगृहाच्या क्लोकरूममध्ये घेऊन आला होतास? दुपारचा प्रयोग चालू होता. आत नाटक, बाहेर आम्ही दोघी बहिणी. ताई काउंटरच्या आत स्टुलावर, नंबरचे बिल्ले देऊन घेतलेले लोकांचे कोट सांभाळत, मी बाहेर उभी, काखेत तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. सगळ्या खोलीला ओल्या लोकरीचा वास येत होता. तू काउंटरखालून हात वर काढलास आणि प्रगतिपुस्तक माझ्यापुढे सरकवलंस, आईपुढे नाही, कारण गणितात छत्तीस होते. मी मोठ्याने शेरा वाचला, 'वर्गात खिडकीबाहेर बघतो.' ताईने विचारलं, "बाहेर काय होतं?" तू म्हणालास, "क्रेन." "मग बरोबर आहे," असं म्हणून तिने सही केली. मी शिक्षिका, मी तिथे रागवायला हवं होतं की हसायला हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

हे आठवायचं कारण असं की परवापासून मी तुझं प्रगतिपुस्तकच वाचते आहे. तुझ्या जपानी कंपनीचा नवा गेम बाहेर आला, आणि त्यातल्या काही गोष्टी तू लिहिल्या आहेस, हे मला ग्रंथपालबाईंकडून कळलं. तू कसं सांगशील, तुला विचारलं की 'काहीतरी लिहितो' एवढंच. बाईंनी मला सात परीक्षणं छापून दिली. मी ती पेन्सिल घेऊन वाचली.

एकाने दहापैकी साडेसहा दिलेत. म्हणजे पासष्ट टक्के, म्हणजे पहिला वर्ग. तिघांनी सात, दोघांनी साडेसात. एकाने नऊ, म्हणजे विशेष प्रावीण्य. मनापासून अभिनंदन. ताई असती तर सगळ्यांवर सही केली असती.

पण बाळा, हे गुण देतात तरी कशावर? नऊ देणारा लिहितो की मध्यावर तो दोनदा झोपी गेला. साडेसहा देणारा लिहितो की त्याला डोळे पुसावे लागले. गेममधली जी दरी एकाला 'संथ' वाटली तीच दुसऱ्याला 'शांत' वाटली. लढाया पाळीपाळीने होतात, एक जण मारेपर्यंत दुसरा उभा राहतो, ही जुनाट पद्धत असं तिघांचं म्हणणं. मला तर त्यात सभ्यपणा दिसला. आमच्या शिक्षकांच्या बैठका अशा झाल्या असत्या तर मी आणखी चार वर्षं नोकरी केली असती.

एका बाबतीत मात्र सातही जणांचं एकमत आहे. बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या क्लोकरूममध्ये कोणी एक बिल्लेवाली म्हातारी बसते, तिथे सगळ्यांनी गुण कापलेत. 'तीन तास हेलपाटे आणि शेवटी हाती काही नाही.' साडेसहावाल्याने तर तिला 'बिघडलेली' म्हटलंय.

खारोबा, ती ताई आहे ना?

मला तो शब्द आवडला नाही. मी त्या माणसाला पत्र लिहायच्या विचारात आहे.

पहिला वर्ग मिळवणाऱ्याने वेळेवर झोपावं.

तुझी
मावशी


२६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि असा हसत सुटलो की शेजारच्या टेबलावरचा संवादलेखक उठून विचारायला आला. साडेसहावर अभिनंदन करणारं माणूस आमच्या धंद्यात तू पहिलंच.

आमच्याकडे सात म्हणजे नापास. आठ म्हणजे 'ठीक आहे'. पाचाच्या खालचे आकडे जो गेम चालूच होत नाही त्याच्यासाठी. हे कोणी ठरवलं विचारू नकोस, कोणीच ठरवलेलं नाही, सगळ्यांना माहीत आहे. तुझी सातच नव्हेत, जगभरातल्या सगळ्या परीक्षणांची सरासरी काढून शंभरापैकी एक आकडा लावतात आणि त्या आकड्यावरून जपानमधले वरचे लोक ठरवतात की पुढचा भाग करायचा की नाही. आमचा आकडा एकाहत्तर आहे. सध्या ऑफिसात सगळे आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलावं तसे बोलतात.

आता म्हातारीबद्दल. मुख्य कथा जपानमध्ये लिहितात. एक मुलगी बर्फ पडायच्या आत खिंड ओलांडायला निघते, ती गोष्ट. वाटेतल्या गावांच्या लहान लहान कथा आमच्या खोलीतल्या चौघांकडे असतात. माझ्या गावात नाट्यगृह बंद पडलंय, पण क्लोकरूमवाली अजून जागेवर आहे. ती नायिकेला अकरा वस्तू देते, प्रत्येकीला एक पितळी बिल्ला बांधलेला. गावातल्या अकरा जणांकडे जोडीचे बिल्ले असतात. नंबर जुळवायचा आणि वस्तू पोचवायची. मध्ये डोंगर, नदी आणि चावरे बेडूक. सगळं पोचलं की म्हातारी नायिकेला तिचा स्वतःचा बिल्ला देते, चौदा नंबर. त्या नंबरची वस्तू म्हणजे पत्र्याचा डबा. उघडला की रिकामा. संपलं.

लोकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. काहींनी ते काम पाच पाच वेळा केलं. काहींनी गेममध्ये बिघाड आहे असं कंपनीला कळवलं. आता गेमचे दिग्दर्शक म्हणतात, पुढच्या अपडेटमध्ये डब्यात तलवार ठेवू. मी म्हटलं, बिस्किटांच्या डब्यात तलवार मावणार कशी? ते म्हणाले, या प्रकारच्या गेममध्ये मावते. तेही खरंच आहे. पंचवीस एप्रिलला बैठक आहे. डबा रिकामा का, हे मी तोवर सांगायचं, नाहीतर तलवार.

आणि हो, ती थोडीफार आई आहे. थोडीफारच. मनावर घेऊ नकोस, शेवटी गेम आहे.

समीक्षकांना पत्रं लिहू नकोस. हात जोडतो.

तुझा
खारोबा


१० मार्च

प्रिय खारोबा,

हात उशिरा जोडलेस. साडेसहावाल्याला लिहिलेलं माझं पत्र तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी पेटीत पडलं. मी काही वेडंवाकडं लिहिलेलं नाही. त्याच्या परीक्षणाची प्रत लाल शाईने तपासून पाठवली. 'बिघडलेली' या शब्दाखाली रेघ मारून समासात 'कारण द्या' असं लिहिलं. अक्षर चांगलं काढलं होतं.

सात नापास असेल तर एक ते सहा हे आकडे ठेवलेत कशाला, हे मला कोणीतरी समजावून सांगा. रिकाम्या खोल्यांचं भाडं भरावं तसं झालं.

वाचनालयात मुलांच्या कोपऱ्यात तो गेम खेळायचा कन्सोल आहे. सकाळी तिथे कोणी नसतं, म्हणून ग्रंथपालबाई आणि मी चार दिवस तुझा गेम खेळतो आहोत. खेळतात त्या, त्यांचे अंगठे माझ्यापेक्षा तरुण आहेत. मी नकाशा धरते. पहिल्या बेडकाने आम्हाला नऊ वेळा मारलं. "बाई, तुमची पाळी आहे, ठरवा लवकर," असं त्या मला म्हणतात, आणि मी म्हणते, "त्याला आधी मारू द्या, तो लहान आहे." यावरून आमचं थोडं बिनसलंही.

काल आम्ही नाट्यगृहापर्यंत पोचलो.

चेहरा ताईचा नाही. पण दोन्ही तळवे काउंटरवर उपडे ठेवून बसणं तिचं आहे, आणि माणूस बोलत असताना त्याच्या डोळ्यांकडे न बघता खांद्यांकडे बघणंही. तिला चेहरे लक्षात राहत नसत, खांदे राहत. बाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हातारी जरा आगाऊ आहे." मी म्हटलं, "होती."

एक विचारायचं होतं. तसं महत्त्वाचं नाही. तो डबा तू मनानेच घातलास का? पत्र्याचा म्हणतोस, निळा आहे का? झाकणाला एका बाजूला पोचा आहे का? आम्ही अजून तिथपर्यंत पोचलेलो नाही, सातवीच वस्तू चालली आहे. आणि आकडा चौदाच का घेतलास? कुठलाही चालला असता.

ताईने शेवटच्या वर्षी घरातल्या वस्तूंना क्लोकरूमचे जुने बिल्ले बांधले आणि जोडीचे बिल्ले लोकांना वाटले, हे तुला कोणी सांगितलं? मी फोनवर सांगितल्याचं मला आठवत नाही. तुलाही आला होता का एखादा? ती गेल्यावर सहाव्या दिवशी तू आलास, तेव्हा मी हॉस्पिटलची चाकाची खुर्ची परत करायला गेले होते. परत आले तर तू निघून गेलेला. तू काय नेलंस, मी कधी विचारलं नाही. तीन वर्षं झाली.

आता विचारते आहे. सवडीने लिही. पण या आठवड्यातच लिही.

मावशी


२८ मार्च

प्रिय मावशी,

निळाच. पोचा झाकणाच्या डाव्या बाजूला.

हो, मला बिल्ला आला होता. आई जायच्या आठ महिने आधी. पाकिटात फक्त बिल्ला, पत्र नाही. तुला बोललो नाही, कारण मला वाटलं ही तिची आणि माझी गोष्ट आहे.

चौदा म्हणजे काउंटरच्या टोकाची खुंटी. तिथे लोकांचा कोट कधी लागायचा नाही, आईचा स्वतःचा लागायचा, तो करडा. त्याच्या खाली माझी जागा. शाळा सुटली की प्रयोग सुटेपर्यंत मी तिथे. कोटाची किनार डोक्यावर, मांडीवर हातातला गेम, आवाज बंद केलेला. ती खाली न बघता विचारायची, "चौदा नंबरला भूक लागली का?" तुला हे माहीत नसणार. तू आलीस की मी बाहेर यायचो.

शेवटच्या वर्षी एकदा तिने फोन उचलला आणि म्हणाली, "आपण कोण?" मी सांगितलं. ती म्हणाली, "असं का. माझाही मुलगा बाहेर असतो." अगदी प्रेमाने म्हणाली, एखाद्या परक्याशी बोलावं तसं. त्यानंतर पंधरा दिवसांनी तो बिल्ला आला. मला काय वाटलं असेल ते बघ. मला वाटलं, आहे, कळतंय तिला. विमानात बिल्ला मुठीत धरून बसलो होतो.

घर आवरलेलं होतं. पलंगावर दोनच वस्तू उरल्या होत्या, एक इस्त्री आणि एक डबा. डब्याला चौदा. उघडला. स्वच्छ पुसलेला, कोरडा, रिकामा. कोट कुठे दिसला नाही. शेजारचा शिंपी आईचं घड्याळ दाखवायला आला आणि माझ्यासमोर रडला. त्याचा नंबर तिच्या बरोबर लक्षात होता. मी डबा पिशवीत टाकला आणि तुझी वाट न बघता निघालो.

मग एक दिवस ते जसंच्या तसं लिहून काढलं. मला वाटलं, लिहिल्यावर कळेल. लिहून झालं, लाखो लोकांनी खेळून झालं, सात जणांनी गुण देऊन झाले, तरी मला कळलेलं नाही. दिग्दर्शकांना मी तेच सांगितलं. ते फार मृदू बोलतात. म्हणाले, "लेखकालाच माहीत नसेल, तर तलवार बरी."

तलवार घातली तर मी या नोकरीत राहणार नाही. तुला वाटेल, एवढ्याशा डब्यासाठी. पण त्यात तलवार ठेवली की आईने मला काय दिलं हे कायमचं खोटं होईल. रिकामं का असेना, तिने दिलेलं तेवढंच आहे माझ्याकडे.

तू डब्याचा रंग का विचारलास?

खारोबा


९ एप्रिल

प्रिय खारोबा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तिन्ही नीट लिहिली गेली होती, म्हणून फाडली.

साडेसहावाल्याचं उत्तर आलं. मला वाटलं होतं उद्धट असेल. तो लिहितो: 'बाई, कारण देतो. मी ते काम चार वेळा केलं. अकरापैकी एकही वस्तू चुकली नव्हती. मला बक्षीस नको होतं. तिने सगळ्यांना ज्याचं त्याला दिलं आणि मलाच असं का, एवढंच कळायला हवं होतं. बिघडलेली म्हटलं, कारण नाहीतर असं म्हणावं लागलं असतं की मी तिला आवडलो नाही.'

त्याच दुपारी तुझं पत्र आलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तो अनोळखी माणूस आणि तू एकच प्रश्न विचारताय, आणि उत्तर माझ्या दाराच्या मागे टांगलेलं आहे.

ताई बिघडली नव्हती. मी बदललं.

सांगते. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तू पलंगावर मांडल्या. प्रत्येकीला तिने पांढऱ्या नाडीने बिल्ला बांधला होता. माझा नंबर दोन. तो तिने माझ्या हातात दिला होता आणि वरून बोटं मिटली होती, "हरवू नकोस, तू हरवतेस." मी दोन शोधला. तो त्या निळ्या डब्याला होता. उघडला, आत काही नाही.

चौदा महिने मी तिचं सगळं केलं होतं. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहीत नाही, तुला माहीत आहे, तुलाही तेच वाटलं.

डब्याशेजारी तिचा करडा कोट होता. त्याच्या काजात चौदा. चौदा कोणाचा, मला माहीत नव्हतं. लोक येत होते, आपला बिल्ला दाखवत होते, वस्तू घेऊन जात होते. चौदा कोणी मागितला नाही. तू फोनवर बिल्ल्याचं अक्षर काढलं नव्हतंस. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की ताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, चौदा म्हणजे कोणीच नाही. दोन गाठी सोडल्या, दोन गाठी बांधल्या. दोन कोटाला, चौदा डब्याला. अर्धं मिनिट लागलं असेल. मग डबा पुसून ठेवला. तो स्वच्छ पुसलेला होता ना, ते मी केलं.

तीन हिवाळे मी तो कोट घालते आहे. बाह्या मला लांब होतात, म्हणून आत दुमडून टाके घातलेत. शाळेतल्या जुन्या मैत्रिणी म्हणतात, बहिणीची आठवण चांगली जपलीस. मी म्हणते, हो.

आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, कबुली देताना 'पण' हा शब्द वापरायचा नाही. वर कुठे तो आला असेल, किंवा त्याच्यासारखं काही आलं असेल, तर खोडून वाच. तू फोनवर बोलला नाहीस हे वाक्य तर खोडच.

डबा माझाच होता. ताई पंधराव्या वर्षी शाळा सोडून क्लोकरूममध्ये लागली, म्हणून मी वसतिगृहात राहून शिकले. दर महिन्याला ती तो डबा खाऊने भरून पाठवायची. मी संपवायचे आणि पुढच्या महिन्यासाठी रिकामा परत पाठवायचे. नऊ वर्षं. आत कधी चार ओळींची चिठ्ठी घातली नाही, मला अभ्यास असायचा. तर शेवटी तिने तो मला रिकामा दिला म्हणजे नेमकं काय केलं? चिडवलं? 'आता तू भर' म्हणाली? की नुसतंच ज्याचं त्याला दिलं? मी रोज वेगळं ठरवते. तुझे सातही समीक्षक आणून बसवले तरी ठरायचं नाही.

एवढं मात्र नक्की की मी कोण, हे तिला माहीत होतं. आणि चौदा कोण, हेही. फोनवर नसेल, बिल्ले बांधताना होतं. तिने तुला तुझ्या डोक्यावरचा कोट दिला होता.

दिग्दर्शकांना सांग, डबा रिकामा होता कारण तो दुसऱ्या कोणाचा होता. म्हातारीचं चुकलं नाही, तिच्या बहिणीचं चुकलं. मला मध्ये घालून सांग, वाचवू नकोस.

मावशी


२६ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र बावीसला आलं. बैठक काल झाली. मी सांगितलं, तुला मध्ये घालून सांगितलं.

दिग्दर्शकांनी विचारलं, "म्हणजे दोन वस्तू आपसात बदलल्या?" मी हो म्हटलं. "बदलणाऱ्याला ते कळत होतं?" मी म्हटलं, "अर्धवट." त्यांनी पेनाचं टोपण बंद केलं. बाकीचे उगाच पाणी प्यायले. मग दिग्दर्शक म्हणाले, "तलवार नको. डबा रिकामा राहू दे. पण खिंडीच्या वाटेवर एक बाई उभी करा. तिच्या अंगात मापापेक्षा मोठा कोट. ती आपणहून काही बोलणार नाही. कोणी डबा दाखवला तरच बोलेल." मी विचारलं, "काय बोलेल?" ते म्हणाले, "ते तुम्हालाच माहीत असणार."

मला माहीत नाही. कालपासून तीसएक वाक्यं लिहून खोडली. एकात ती माफी मागते, ते खोटं वाटतं. एकात मी तिला असं काही बोलायला लावलं की वाचून संवादलेखक म्हणाला, "हिने तुझं काय घोडं मारलंय?" ते फाडलं.

आईचा फोटो मी तीन वर्षं कपाटात उलटा ठेवला होता. रुसून. मेलेल्या माणसावर रुसलो होतो मी, मावशी, आणि ती तर खुंटीला नंबर लावून बसली होती. काल फोटो सरळ केला. त्या तीन वर्षांचं काय करायचं, हे तू सांगू नकोस.

मला तुझा राग आला आहे. किती, ते अजून कळत नाही. सकाळी खूप असतो. जेवताना नसतो, कारण तू एकटी त्या दोन वस्तूंसमोर बसलेली दिसतेस. मग तू बाह्यांना टाके घालतानाही दिसतेस आणि पुन्हा येतो.

कोट पाठवू नकोस. मी मागितलेला नाही.

खारोबा


२० जून

प्रिय खारोबा,

तुझं पाकीट काल आलं. आठ आठवडे मी पोस्टमनला इतकं छळलं की तो हल्ली फाटकापासूनच नकाराचा हात हलवतो. काल हलवला नाही. आत पत्र नव्हतं, चौदा नंबरचा बिल्ला होता. तुमच्या क्लोकरूमचा नियम मला माहीत आहे, बिल्ला आला की प्रश्न न विचारता कोट द्यायचा. म्हणून विचारत नाही.

अपडेटनंतरची नवीन परीक्षणं ग्रंथपालबाईंनी छापून दिली आणि मी होते त्याहून जास्त गोंधळले. नऊवाल्याने आता आठ केलेत. म्हणतो, म्हातारीचं थोडं कळायला लागल्यामुळे मजा गेली. सातवाल्यांपैकी एकाने आठ केलेत, थोडं कळायला लागलं म्हणून. साडेसहावाल्याने आकडा तसाच ठेवला, पण 'बिघडलेली' ज्यात होतं तो अख्खा परिच्छेद काढून टाकला, आणि तिथे दुसरं काही घातलं नाही. जगभरची सरासरी आता त्र्याहत्तर. त्र्याहत्तरला पुढचा भाग करतात का? बाई म्हणतात करतात, बाईंना बेडकाचंही काही माहीत नव्हतं.

परवा आम्ही खिंडीच्या वाटेवरच्या बाईपर्यंत पोचलो. पहिल्यांदा तिच्या समोरून निघून गेलो, ती काही बोललीच नाही. मीच म्हटलं, मागे फिरा, डबा दाखवा. दाखवला. ती म्हणाली, "हा माझा असावा," आणि कोटाची बटणं सोडायला लागली. एवढंच. तीसएक वाक्यं खोडून तू एवढंच ठेवलंस. बटणं सोडायला तिला फार वेळ लागतो. बाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि काही न दाबता बसून राहिल्या, मीही.

आता नीट वाच, कोणाला काय ते. पार्सल मोठं आहे, ऑफिसात उघडू नकोस.

कोट तुझा. बाह्यांचे टाके मी उसवलेत. दुमडल्याच्या रेघा इस्त्रीने जात नाहीत, तीनदा करून बघितली, त्या तशाच घे. चौदा पुन्हा काजात बांधलाय, ताईसारखी गाठ मला येत नाही.

कोटाच्या घडीत पांढरं पाकीट आहे, त्यात साडेसहावाल्याचं मूळ पत्र. ते दिग्दर्शकांना दे. त्यांच्या भाषेत करून दे, आणि 'मी तिला आवडलो नाही' ही ओळ गाळू नकोस.

लोकरीचे मोजे शेजारच्या संवादलेखकाला. माप अंदाजाने धरलंय. घट्ट झाले तर तुझ्याकडे ठेवू नकोस, त्यालाच सांग कोणाला द्यायचे ते.

कागदात गुंडाळलेला दोन नंबरचा बिल्ला माझा आहे. तो ठेवून घे आणि त्याच्यावर मला डबा पाठव. आत काही घालू नकोस. भरायचं काम आता माझ्याकडे आहे आणि मला त्याची अजिबात सवय नाही, तेव्हा वेळ लागेल.

राहिला तुझा राग. त्याला नंबर नाही, तरी तो माझा आहे. तो पोस्टाने पाठवू नकोस, आणि मी घरी नसताना पलंगावर ठेवून जाऊ नकोस. स्वतः घेऊन ये आणि माझ्या हातात दे.

तुझी
मावशी